सुटकेनंतर

२ ऑगस्ट हा आपल्या सिल्वासाचा मुक्तिदिन. १९५४ साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला, त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी कोणीतरी सांगतं, आणि सांगायलाच हवं. पण पुढच्या सात वर्षांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दादरा-नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली ती ऑगस्ट १९६१ मध्ये. मधला सगळा काळ इथल्याच लोकांच्या वरिष्ठ पंचायतीने कारभार सांभाळला. सुटका झाली, आता रोजचा गाडा कोणी हाकायचा, हा प्रश्न त्यांनी सोडवला. त्यावर पोवाडा म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

हे सुचायचं कारण म्हणजे तुम्ही तरुण मंडळींनी मला दिलेला विषय. देहविक्रयाच्या बाजारातून आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांसाठी संस्था चालवणाऱ्या ‘देवमाणसां’वर लिहा, असा निरोप आला. लिहिते. फक्त तो ‘देवमाणूस’ शब्द तेवढा बाजूला ठेवते. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की शाल-श्रीफळ देऊन आपण मोकळे होतो. देवाचं काम देव करील, आपण आपल्या घरी.

आणि आपल्या घरी काय आहे? गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, आणि तिच्या कुशीत हे आपलं छोटंसं गाव, जिथे दारू उघड मिळते. वापी स्टेशनवरून रिक्षात बसलं की हद्द ओलांडल्याचं पाटीआधी दुकानांवरूनच कळतं. शनिवार-रविवारी आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आपला किती लळा आहे, यावर घराघरात विनोद होतात. विनोद संपला की ग्लास राहतो. कंपन्यांच्या निमित्ताने इथे आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरी तो ग्लास गेली वीस-पंचवीस वर्षं टेबलावरच आहे, हे आपण सगळे जाणतो आणि हळदीकुंकवाला एकमेकींना कधी विचारत नाही.

आमच्या घरी माझे थोरले दीर होते. त्यांना आणि जाऊबाईंना विचारूनच हे लिहिते आहे. भाऊजी धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर, स्वभावाने गरीब, हाताखालच्या माणसांत लोकप्रिय. पिणं वाढत गेलं तसं आधी बढती थांबली, मग पगार घरी पोचेनासा झाला, मग एके दिवशी नोकरी गेली. जाऊबाईंनी देव केले, उपास केले, माहेरच्या कोणीतरी दिलेली पुडी चहातून घालून पाहिली. शेवटी २००९ मध्ये पुण्याच्या मुक्तांगणचं नाव कळलं आणि त्या त्यांना घेऊन गेल्या.

मुक्तांगणची गोष्ट तुमच्या आई-वडिलांना माहीत असेल, तुम्हाला कदाचित नसेल. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शिरली. चांगल्या घरची, कॉलेजात जाणारी मुलं बघता बघता खंगू लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई इतके अस्वस्थ झाले, की नुसतं हळहळून न थांबता त्यांनी आपल्या फाउंडेशनतर्फे एक लाख रुपये देऊ केले आणि म्हणाले, काहीतरी सुरू करा. अवचट डॉक्टर असले तरी लेखक म्हणून फिरणारे. सुरू करणाऱ्या खऱ्या त्यांच्या पत्नी, डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं.

व्यसनी माणसाला कोंडून ठेवा, बडवा, शपथ घालायला लावा, हा आपल्याकडचा जुना उपाय. अजूनही काही ठिकाणी तो पैसे घेऊन केला जातो. सुनंदाताईंनी ठरवलं की इथे मारहाण नाही, अपमान नाही. दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणायचं. पस्तीस दिवस राहायचं, आधी शरीरातलं विष उतरवायचं, मग बोलायचं. गटात बोलायचं, एकट्याने समुपदेशकाशी बोलायचं, घरच्यांना बोलवून त्यांच्याशीही बोलायचं. आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे बरे झालेल्या रुग्णमित्रांनाच त्यांनी कार्यकर्ते केलं. काल जो थरथरत आत आला, तो वर्षा-दोन वर्षांनी नव्या माणसाला धरून आत नेतो. पुस्तकी डॉक्टरला जी थाप पचते, ती ह्यांना पचत नाही. कारण तीच थाप त्यांनी स्वतः मारलेली असते.

भाऊजी पस्तीस दिवसांनी परत आले तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला. आठ महिन्यांनी एका लग्नात कोणीतरी आग्रह केला, “आता बरे झालात ना, एक घ्या.” पुढचं सांगायला नको.

जाऊबाई दुसऱ्यांदा पुण्याला निघाल्या तेव्हा रस्ताभर त्यांना एकच धास्ती, आता दारातूनच परत पाठवतील. तसं काही झालं नाही. तिथल्या एका कार्यकर्त्याने भाऊजींची बॅग घेतली आणि म्हणाला, “मी चौथ्या वेळी टिकलो.” पुन्हा घसरणं हा या आजाराचाच एक भाग आहे, हे आधी कोणी ना कोणी सांगितलंही असेल, पण जाऊबाईंना ते त्या बॅगेमुळे पटलं. तिथे व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. त्यात बसल्यावर त्यांना कळलं की नवऱ्याची उधारी फेडणं, कंपनीत “ताप आलाय” असा खोटा फोन करणं, सासूबाईंपासून लपवणं, ह्या सगळ्याला आपण संसार म्हणत होतो, पण त्याने दारूच सांभाळली जात होती. “माझ्या हातात त्यांची दारू नव्हती, पण तो फोन माझ्या हातात होता,” असं त्या म्हणतात.

आता दुसरी संस्था. ती मुंबईत, आणि योगायोग असा की तीही १९८६ चीच. प्रीती पाटकर टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, तेव्हा अगदी तरुण. कामाठीपुऱ्यात त्यांनी एकाच घरातल्या तीन पिढ्या, आजी, आई आणि मुलगी, गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या पाहिल्या. त्यातून त्यांनी आणि त्यांचे पती प्रवीण पाटकर यांनी ‘प्रेरणा’ उभी केली. त्यांनी प्रश्न विचारला तो नेमका होता: ही तिसरी पिढी इथे उभी राहू नये म्हणून काय लागेल? उत्तर वस्तीतल्या आयांच्या बोलण्यात होतं. धंदा रात्रीचा, खोली एक, खाट एक. मूल जाईल कुठे? रस्त्यावर, नाहीतर खाटेखाली. काही ठिकाणी पोराने निजून राहावं म्हणून त्याला गुंगीचं औषध पाजलं जाई. व्यसन आणि हा बाजार यांची गाठ इतक्या लवकर पडते. पुढे बाईला तिथे टिकवून धरायलाही दारूच वापरली जाते, आणि सुटका झाली तरी ती दारू सुटत नाही.

म्हणून १९८८ मध्ये प्रेरणाने रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. दिवसाची पाळणाघरं देशात पुष्कळ होती, रात्रीचं कोणाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी मुलं यायची, जेवायची, अभ्यास करायची, झोपायची, सकाळी शाळेत जायची. कामाठीपुऱ्यानंतर फॉकलंड रोड आणि वाशी-तुर्भे इथेही अशी केंद्रं झाली. ऐकायला किती साधं वाटतं! पण रोज रात्री, सणवार, पाऊस, दंगल न बघता ते दार उघडं ठेवायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. आपल्या मंडळाचं वाचनालय आठवड्यातून दोन दिवस उघडं ठेवताना आपली किती तारांबळ उडते ते आठवा.

पाटकरांचं दुसरं काम कोर्टातलं. धाड पडली, मुली ‘सुटल्या’, पेपरात फोटो आला, की आपल्याला वाटतं झालं. पण त्यानंतर मुलगी जाते कुठे? बऱ्याचदा तिला सोडवायला कोर्टात वकील उभा राहायचा तो अड्डेवाल्यांचाच, आणि तिला ताब्यात मागणारे ‘नातेवाईक’ही त्यांचेच. प्रेरणा याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आरोपीच्या वकिलाने पीडितेचंही वकीलपत्र घ्यायचं नाही. अल्पवयीन मुलीला गुन्हेगार न समजता काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक समजायचं. आणि तिला सोपवण्याआधी समोरचे पालक खरे आहेत का, योग्य आहेत का, हे तपासायचं. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलीला विकणारा पुष्कळदा ओळखीचा, नात्यातलाच असतो. “हिला घरी पोचवा” हे वाक्य कितीही प्रेमळ वाटलं तरी ते घर कोणतं, हे आधी जाऊन बघावं लागतं. ते बघणारा माणूस एसटीने जातो, शेजाऱ्यांशी बोलतो, अहवाल लिहितो. त्याला देवत्व लागत नाही. प्रशिक्षण लागतं, वेळेवर पगार लागतो, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारं कोणीतरी लागतं.

म्हणून तुमच्यापैकी जी मुलं बारावीनंतर काय करायचं याचा खल करताहेत, त्यांच्यासाठी एक निरीक्षण. सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ होत्या, प्रीतीताई समाजकार्य शिकलेल्या. १९९७ मध्ये सुनंदाताई कर्करोगाने गेल्या. संस्था बंद पडली नाही. आज ती सांभाळणाऱ्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत. त्यांच्याच काळात, २००९ मध्ये, बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू झाला. बाई पिते हे कबूल करायला घरचे तयार नसतात, त्यामुळे तिला उपचार सगळ्यात उशिरा मिळतात. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले, मुक्तांगण चालूच आहे. ही शिकून करायची कामं आहेत. इंजिनिअरिंगइतकीच अवघड, आणि त्यात पॅकेज विचारणाऱ्या आत्यांना उत्तर देणं त्याहून अवघड.

भाऊजींना न पिता आता चौदा वर्षं झाली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, बंगळुरूला असतो. आईला रोज फोन करतो. वडिलांशी दिवाळीला बोलतो, तेही आईने फोन पुढे केला तर. लहानपणी त्याने जे पाहिलं ते पस्तीस दिवसांत जाणारं नव्हतं. भाऊजी तक्रार करत नाहीत. “त्याचा हक्क आहे,” एवढंच म्हणतात आणि त्याच्या आवडीचे तिखट चिवड्याचे डबे कुरियरने पाठवतात. डबे परत आलेले नाहीत.

जाऊबाईंकडे मात्र आता गावातल्या बायका येतात. मराठी, गुजराती, बिहारी, खानवेलकडच्या वारली बायकासुद्धा. परवा दुपारी मी तिथेच होते तेव्हा एक वीस-बावीस वर्षांची मुलगी दारात उभी राहिली. वडिलांबद्दल बोलायचं होतं, आणि शब्द फुटत नव्हता. जाऊबाईंनी तिला आत घेतलं, ताट वाढलं. जेवून झाल्यावर वहीच्या कागदावर सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला, १४४४६. घरी धाकटा भाऊ आहे म्हटल्यावर त्याखाली मुलांच्या हेल्पलाइनचाही लिहिला, १०९८. मुलीने विचारलं, “किती दिवसांत बरे होतील?” जाऊबाई म्हणाल्या, “ते आत्ता सांगता यायचं नाही. तू गुरुवारी परत ये.”