नदीवर तरंगणारी छावणी

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात गव्हाची शेतं आणि कुरणं ताटासारखी सपाट पसरलेली आहेत. चालता चालता जमीन एकदम संपते आणि शेकडो फूट खाली रेड डियर नदी दिसते. नदीने कापलेल्या या उघड्याबोडक्या कड्यांत डायनासोरची हाडं गाडलेली आहेत. 1884 मध्ये जोसेफ टायरेल या तरुण भूवैज्ञानिकाला इथे एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. पण घोडागाडी वरून खाली उतरवायची कशी, आणि दगडासारखी जड हाडं वर चढवायची कशी?

1910 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे बार्नम ब्राउन यांनी रेड डियर गावात एक नाव बांधून घेतली. नाव कसली, तराफाच म्हणा! लांबी 30 फूट, रुंदी 12 फूट, तळ चपटा. नदी उथळ, जागोजागी वाळूचे बांध. खोल तळाची होडी तिथे रुतून बसली असती. शिवाय परतीला टनावारी ओझं न्यायचं होतं. मधोमध तंबू, आत चूल. इंजिन नाहीच. प्रवाह नेईल तिकडे जायचं. पुढची-मागची लांब वल्ही फक्त दिशा देण्यापुरती. अशी नाव उलटी वर नेता येत नाही, म्हणून दोन्ही कडे नीट न्याहाळत जावं लागे. हाड दिसलं की नाव काठाला बांधायची आणि तिथेच मुक्काम. डासांचा त्रास एवढा, की माणसं डोक्यावरून जाळी घेऊन काम करत.

सापडलेलं हाड तसंच उचललं तर भुगा होतो. मोडलेल्या हाताला डॉक्टर प्लास्टर घालतात ना, तसं गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून हाडाभोवती गुंडाळायचं, सुकलं की नावेवर चढवायचं.

त्याच सफरीत एका ठिकाणी ब्राउन यांना आल्बर्टोसॉरस जातीच्या किमान नऊ प्राण्यांचे अवशेष एकत्र सापडले. हे शिकारी कळपाने राहत होते का, हा मोठा प्रश्न त्यातून उभा राहतो. ब्राउन मात्र थोडी हाडं, त्यातही बहुतेक पायांची, घेऊन पुढे निघाले. जागेची नीट नोंदही मागे राहिली नाही. मला ही घाई खटकते. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं ती जागा हरवलेलीच होती. 1997 मध्ये फिलिप करी यांनी ब्राउन यांच्या वेळची छायाचित्रं हातात धरून कडे धुंडाळले. टेकड्यांच्या रेषा जुळल्या, आणि तिथे उरलेली हाडं अजून मातीतच होती.