चांदीचा मास्टर

मास्टर कुणी अंगावर घालत नाही. तो काचेच्या कपाटात मांडला जात नाही, त्याच्यावर हॉलमार्क पडत नाही, आणि लग्नाच्या खरेदीला आलेल्या माणसांना असं काही असतं हेही ठाऊक नसतं. चांदीची एक अंगठी घडवायची, तिच्यावर रबर पाडायचं, रबर कापून आतली अंगठी काढून घ्यायची आणि त्या पोकळीत मेण भरून हव्या तेवढ्या मेणाच्या अंगठ्या काढायच्या. मग त्या अंगठ्या एका दांड्यावर झाडासारख्या जोडायच्या, भोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत सोनं ओतायचं. बाजारात जाते ती सोन्याची अंगठी. चांदीची मूळ अंगठी परत डबीत जाते. डबीतल्या या वस्तू घडवण्यात आणि दुसऱ्यांनी घडवलेल्या तपासण्यात माझं आयुष्य गेलं. मास्टरला दागिना समजून जो बघतो त्याला मास्टर तपासता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या गुजरीतला. आमच्या घरी साजाची पानं ठशावर उठवत. काशाच्या ठशात मासा, कासव अशा आकृती खोलगट कोरलेल्या असत. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा, पत्र्यावर शिशाचा तुकडा आणि वरून हातोडी. शिसं मऊ असल्यामुळे ते पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात ढकलतं, पण फाटू देत नाही. उठलेल्या पानाला मागून पत्रा झाळायचा आणि आत लाख भरायची. नवा ठसा आला की वडील तो हातात घेऊन नुसता बघत बसत नसत. मेणाचा गोळा घेऊन त्यावर दाबत आणि उठाव बघत. खड्ड्याकडे बघून उंचवट्याचा अंदाज करू नये, तो उठवूनच बघावा, असं ते सांगत.

पुढे मी अंधेरीच्या सीप्झमध्ये आलो. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी वसलेल्या या पट्ट्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस हिरेजडित दागिन्यांचे कारखाने आले. तिथे ठसे नव्हते, शिसं नव्हतं, लाख नव्हती. पण वडिलांचा तो नियम मला इथेही जसाच्या तसा लागू पडला. मास्टर चांगला की वाईट हे त्यातून निघालेलं मेण सांगतं आणि मेणातून निघालेलं कास्टिंग सांगतं.

रबर फार प्रामाणिक असतं. मास्टरवर अंगठ्याचा तेलकट ठसा राहिला तर तोही ते उचलतं. अंगठीच्या बाहेरच्या गोलाईवर कानशीचा एखादा ओरखडा राहिला तर निदान तो घासता येतो. पण दोन फांद्यांच्या बेचक्यात, हिऱ्यामागच्या जाळीत, कोंदणाच्या आतल्या कोपऱ्यात राहिला तर तिथे पुढे कुणाचीच कानस पोहोचत नाही. तो प्रत्येक अंगठीत उतरतो. घासाई करणारा फायलर तिथे सुई घालून, दोरा घालून घासत बसतो. मास्टरमेकरने आणखी अर्धा तास दिला असता तर पुढच्या हजार अंगठ्यांवरचे कितीतरी तास वाचले असते. कारखान्यात मात्र हा अर्धा तासच सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, कारण तो एका माणसाच्या नावावर दिसतो आणि ते हजार तुकड्यांवरचे तास कुणाच्याच नावावर दिसत नाहीत.

माझ्या मते या कामातला सगळ्यात कठीण विषय आकसण्याचा आहे. रबर सुमारे १५० अंशांवर दाबून शिजवतात. ते थंड होताना आकसतं. त्यात भरलेलं मेण निवताना आकसतं. ओतलेलं सोनं गोठताना आकसतं. नेहमीच्या रबराला दोन-तीन टक्के, मेणाला एक, धातूला एक-दीड, असं धरलं तरी मूळ चांदीपासून तयार अंगठीपर्यंत पाच टक्के सहज जातात. आतून १७ मिलिमीटर व्यासाच्या अंगठीचा परीघ होतो सुमारे ५३.४ मिलिमीटर. त्याचे पाच टक्के म्हणजे २.७. आपल्याकडच्या मापात एका नंबरामागे परीघ साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मास्टर मापाबरहुकूम घडवला तर हातात येणारी अंगठी जवळजवळ तीन नंबर लहान. म्हणून मास्टर मोठाच घडवायचा.

पण सगळा मास्टर एकाच टक्क्याने फुगवून भागत नाही. कास्टिंगनंतर घासाई आणि पॉलिश होतं. आकसण्याने अंगठी आतून लहान होते आणि घासल्याने आतून मोठी होते. बाहेरच्या अंगाला मात्र आकसणं आणि घासणं दोन्ही एकाच दिशेने खातात. हिरा पकडणारे बारीक प्राँग तर बफावर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, चटकन झिजतात. म्हणून प्राँगला जास्त अंग ठेवायचं, अंगठीच्या पोटाला कमी ठेवायचं. १.३० मिलिमीटरच्या हिऱ्याची बैठक पाच टक्के आकसली तर ०.०६५ मिलिमीटर कमी होते. ऐकायला काहीच नाही, पण बारीक हिऱ्यांच्या चाळण्यांत दोन नंबरांमधलं अंतर ०.०५ एवढंच असतं. तिथे हिरा बसत नाही. मग हिरे बसवणारा सेटर बैठक खोदून मोठी करतो, शेजारच्या दोन हिऱ्यांमधली भिंत पातळ होते आणि काही महिन्यांनी गिऱ्हाइकाचा हिरा पडतो. दोष सेटरच्या माथी लागतो. तो खरा असतो डबीतल्या मास्टरचा.

जाडीचंही तसंच आहे. अंगठीच्या कड्याची जाडी १.४ मिलिमीटर हवी होती आणि मास्टरमेकरने जरा भक्कम असावी म्हणून १.६ ठेवली, तर कड्याचं वजन सातव्या हिश्श्याने वाढतं. कड्यात साडेतीन ग्रॅम सोनं असेल तर वाढ अर्ध्या ग्रॅमची, आणि हजार अंगठ्यांच्या ऑर्डरला अर्धा किलो सोनं. म्हणून मास्टर हातात आला की मी आधी काट्यावर ठेवतो. चांदीच्या वजनाच्या साधारण दीडपट १८ कॅरेट सोनं लागतं, २२ कॅरेट असेल तर पावणेदोनपटीच्या जवळ. एवढ्या हिशेबावर निम्मे मास्टर पुन्हा घासायला परत जातात.

हे पटींचे हिशेब फार जुने आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाच्या बारापट चांदी आणि सोळापट सोनं घ्यावं असं तिथे सांगितलं आहे. सीप्झमधला कास्टिंगवाला १८ कॅरेटसाठी आजही सोळाच्या आसपासच धरतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आनंद झाला होता. ज्या कुणी तो लिहिला त्याच्यामागे मेण तोलणारा कारागीर उभा होता, यात मला शंका नाही.

नवीन आलं ते रबर. त्या जुन्या रीतीत एका मेणातून एकच मूर्ती निघायची. १९३०च्या दशकात टी. जी. जुंगर्सन यांनी दागिन्यांसाठी रबराच्या साच्यातून मेण काढण्याची पद्धत बसवली आणि अमेरिकेत पेटंट घेतलं. त्यावरचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४९ साली पेटंट रद्द ठरलं. मेण जाळून ओतकाम करण्याची रीत सोळाव्या शतकातल्या चेल्लिनी या इटालियन सोनारानेही लिहून ठेवली आहे, याचा आधार त्या निकालात आहे. कायद्याचं मला कळत नाही. पण एका वस्तूवरून हजार वस्तू काढायची सोय रबराने केली आणि तेव्हापासून त्या एका वस्तूवरची जबाबदारी हजारपट झाली, हे मी रोज बघतो.

तपासताना चकाकी हा पहिला शत्रू. चकचकीत चांदीत डोळ्याला खिडकी दिसते, दिवा दिसतो, आकार दिसत नाही. म्हणून आकार बघेपर्यंत मी मास्टर मॅट ठेवायला सांगतो. मग खिडकीशी उभं राहून तो हळूहळू फिरवायचा. उजेडाची रेघ गोलाईवरून सलग सरकली पाहिजे. जिथे ती अडखळते तिथे सपाटी आहे. बफावर जोर देऊन कडा गोल केलेला मास्टर मी घेत नाही, कारण मास्टरमध्ये मेलेली कड सोन्यात पुन्हा जिवंत करता येत नाही. त्यानंतर उलटा करून बघायचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. मागची बाजू ज्याने मनापासून केली त्याने पुढची केलेलीच असते.

पुढची पायरी स्प्रू. स्प्रू म्हणजे सोनं आत येण्याची वाट. ही वाट सगळ्यात जाड भागाला जोडलेली हवी आणि त्या भागाइतकी तरी जाड हवी, कारण स्प्रू सगळ्यात शेवटी गोठला पाहिजे. तो आधी गोठला तर आतला जाड भाग आकसताना सोन्यावाचून राहतो आणि तिथे सच्छिद्रता येते, जी पॉलिश करताना बारीक काळ्या ठिपक्यांनी वर येते. स्प्रू सुबक दिसावा म्हणून बारीक करणारे लोक आहेत. त्यांनी एकदा पॉलिशरच्या शेजारी दिवसभर बसावं. शेवटी मास्टरवर ऱ्होडियम किंवा निकेलचा थर द्यायचा. रबरातलं गंधक उघड्या चांदीला काळं करतं आणि पितळेला तर धरून बसतं.

आता बहुतेक मास्टर संगणकावर काढले जातात, रेझिनमध्ये छापले जातात आणि त्यावरून चांदीत ओतले जातात. मी त्याच्या विरोधात नाही. बारीक हिऱ्यांच्या ओळी, सारखी अंतरं, डाव्याउजव्याचा मेळ हे कॅडने कितीतरी चांगलं होतं. पण छपाईचे थर चांदीत पायऱ्यांसारखे उतरतात आणि ते हातानेच काढावे लागतात. ते काढताना किती अंग जाणार हे पडद्यावर दिसत नाही. पान, फूल, देवाचा मुखवटा असला की मी अजूनही हाताने घडवलेला मास्टर मागतो. पडद्यावरचं पान दोन्ही बाजूंनी सारखं असतं, आणि झाडाचं कधीच नसतं.

मास्टर मंजूर करण्याची एक पद्धत मी गेली अनेक वर्षं आग्रहाने चालवतो. रबर पडलं की आधी मेणं काढायची. प्रत्येक मेण दिव्यासमोर धरायचं. मेणातून उजेड झिरपतो, त्यामुळे पातळ जागा उजळ दिसते. मग एकच अंगठी ओतायची आणि ती फायलर, सेटर, पॉलिशर या तिघांच्या हातून जाऊ द्यायची. घाई करू नका असं त्यांना आधीच सांगायचं. काय अडलं ते तिघांनी बोलून दाखवायचं आणि त्या वेळी मास्टरमेकर समोर बसलेला असला पाहिजे. डिझायनरची सही त्यानंतर. आमच्या धंद्यात अनेक ठिकाणी सही आधी होते आणि सेटरला कुणी विचारत नाही.

कारखानदार मित्रांना एक विनंती आहे. चांदीचा भाव चढला की जुन्या मास्टरचे डबे आटणीला काढले जातात. तसं करू नका. प्रत्येक मास्टरची डबी वेगळी ठेवा, तिच्यावर तारीख, वजन आणि कोणतं रबर वापरलं ते लिहा. रबर काही वर्षांत कडक पडतं, त्याच्या कडा फाटतात आणि मेणावर रेघा येऊ लागतात. तेव्हा नवं रबर पाडायला मूळ मास्टरच लागतो. तयार अंगठीवरून पाडलं तर अंगठी आणखी पाच टक्के लहान होते.