लग्नाळू शेतकरी तरुण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पुरुषाचे कर्तेपण आजही लग्नावर मोजले जाते. शेती कितीही असो, तिशी ओलांडूनही लग्न न जमलेल्या मुलाकडे गाव अपुरा माणूस म्हणून पाहते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. अनेकांना तो गमतीचा विषय वाटला. प्रत्यक्षात घरात गिळलेला अपमान चारचौघांत मांडायला मोठे धाडस लागते.

गर्भलिंगनिदानबंदी कायदा काटेकोरपणे राबवावा, ही त्यांची मागणी दुखण्याच्या मुळाशी जाणारी होती. राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ होता. वंशाला दिवा हवा या हट्टापायी मुली नाकारल्या गेल्या, आणि त्याच हट्टाने वाढवलेला मुलगा आता स्थळासाठी वणवण करतो.

दुसरे कारण शेतीचे. पाऊस आणि बाजारभाव दोन्ही बेभरवशाचे, म्हणून मुलीचे आईवडील नोकरदार जावई शोधतात. गोठ्यातले आणि शेतातले विनामोबदला कष्ट मुलींनाही नकोसे वाटतात. ही नापसंती अगदी रास्त आहे.

नकाराचा भार मात्र एकटा मुलगा वाहतो. भावकीतल्या लग्नांना जाणे तो टाळू लागतो. रडणे हे बाईचे लक्षण मानले गेल्याने मित्रांपाशीही बोलता येत नाही. काही जण लग्न जुळवणाऱ्या दलालांना पैसे देतात आणि फसवणूक झाली तरी लाजेपोटी तक्रार करत नाहीत.