टेलची जमीन

ब्लूमिंग्टन, इंडियाना
३० ऑगस्ट

तीर्थरूप आप्पा,


सुखरूप पोचले. इंडियानापोलिसच्या विमानतळावरून बसने तासाभराचा रस्ता. दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन, पण बांध कुठे दिसेना. विद्यापीठाच्या इमारती इथल्याच खाणींतल्या फिकट चुनखडीच्या आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगलाही याच भागातला दगड लागला, हे इथे प्रत्येक जण पहिल्या भेटीत सांगतो.

गावात ‘पोरगी पॉलिसी करायला गेली’ असं सांगू नका, लोक विम्याचे हप्ते विचारत ओट्यावर येतील. एखादा कायदा, एखादी योजना का चालते आणि का फसते, ते शिकायला आलेय. माझी पीएचडी दोन घरची आहे, ओ’नील स्कूल आणि राज्यशास्त्र विभाग मिळून देतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आजीने उगीच सांगितली नव्हती, असं पहिल्याच आठवड्यात वाटू लागलंय.

ब्लूमिंग्टन
१६ ऑक्टोबर

ती. आप्पा,

संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत आपटले. आईला सांगू नका.

आपल्या पांझरेच्या बंधाऱ्यावर भिजणाऱ्या फडांवर आठ पानं लिहून दोन प्राध्यापकांना दिली होती. एकांनी समासात लिहिलं, ‘गोष्ट छान, पण यात मोजणार काय?’ दुसऱ्यांनी लिहिलं, ‘मोजमाप पुरे, पण बंधाऱ्यावर हुकूम कोणाचा?’ एकच मजकूर, एकाच आठवड्यात. रात्रभर चिडचिड झाली. सकाळी वाटलं, दोघांचंही खरं आहे. पाटाला किती पाणी आलं हे इंजिनिअर सांगेल, उसाला किती लावायचं हे अर्थशास्त्रवाला सांगेल. पण आपली बारी नसताना रात्री दार उघडणाऱ्याला चारचौघांत बोलायचं कोणी, हे दोघांच्याही पुस्तकात नाही. तेवढ्यासाठीच हा दोन घरचा संसार.

इथे ‘वर्कशॉप’ नावाची संस्था आहे. व्हिन्सेंट आणि एलिनॉर ऑस्ट्रम या नवराबायकोने ती १९७३ साली काढली. दोघं इथल्या एका सुताराकडे जाऊन स्वतःच्या हाताने टेबलं-कपाटं करत, नाव त्यावरून सुचलं. सुताराच्या हाताखाली उमेदवारी करावी तसं संशोधन शिकायचं, ही कल्पना. एलिनॉरबाईंना खरं तर अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, पण गणित कमी पडतं म्हणून दार उघडलं नाही. शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमितीपासून लांब ठेवलेलं. मग त्या राज्यशास्त्राकडे गेल्या. २००९ साली नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं, आणि त्या विषयात ते मिळवणारी पहिली बाई त्याच. संख्याशास्त्रात आपटलेल्या मुलीला याचा किती आधार वाटतो, काय सांगू! (त्या पुढे गणित शिकल्या, हे मात्र मी सोयीने विसरते.)

त्यांचं १९९० चं पुस्तक वाचताना काल रात्री उठून बसले. फिलिपाइन्समध्ये ‘झान्जेरा’ नावाच्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था आहेत. तिथे जमिनीचे पट्टे असे पाडतात की प्रत्येकाचा एक तुकडा पाटाच्या तोंडाशी आणि एक टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला येतो. पाणी तुटलं तर सगळ्यांचंच तुटतं. आप्पा, हे आपले फडच की! चारही फडांत प्रत्येकाची थोडी थोडी जमीन, आणि कमी पाण्याच्या वर्षी गावाने मिळून एखादा फड कोरडा सोडायचा. समुद्रापलीकडच्या लोकांना हे कोणी सांगितलं?

लॉस एंजेलिस
२० डिसेंबर

ती. आप्पा,

सुट्टीत मैत्रिणीकडे आलेय. लोक हॉलिवूडला जातात, मी विहिरी बघायला गेले. एलिनॉरबाईंचा १९६५ चा प्रबंध इथल्याच भूजलावर, वेस्ट बेसिनवर आहे. शहरांनी आणि कारखान्यांनी इतका उपसा केला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरू लागलं. उपसा करणारेच एकमेकांवर कोर्टात गेले आणि मग एकत्र बसून त्यांनी प्रत्येकाचा उपसा ठरवून घेतला. किनाऱ्याला लागून विहिरींची रांग काढली. त्यांतून पाणी वर काढत नाहीत, आत दाबतात. त्या गोड्या पाण्याच्या भिंतीने समुद्र थोपवलाय.

बघायला म्हणाल तर काही नाही. फुटपाथवर लोखंडी झाकण, शेजारी कुत्रा फिरवणारी बाई. मी वाकून फोटो काढत होते, तर तिने विचारलं, ‘काही हरवलं का?’ आता आत सोडतात त्यातलं बरंचसं पाणी शुद्ध केलेलं सांडपाणी असतं. त्या शुद्धीकरणाचं रसायनशास्त्र मला आणखी एका विभागात जाऊन शिकावं लागणार. म्हणजे तिसरं घर.

आता कामाचं. फिलिपाइन्सच्या त्या झान्जेऱ्यांत पाणी सोडणाऱ्या कारभाऱ्यांना मोबदला म्हणून जमीन देतात, ती मुद्दाम टेलला. तिथवर पाणी पोचलं तरच त्यांचं पीक. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थेच्या समितीवर टेलच्या शेतकऱ्यांना जागा दिली, पण पोटाला बांधलेली ही युक्ती त्याहून पक्की वाटते.

पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आपल्याकडे धान्य देतात ते ठाऊक आहे. पण पूर्वी कधी जमीन होती का, आणि असली तर पाटाच्या कोणत्या टोकाला? आपल्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला संक्रांतीच्या आत विचारून कळवा. पाठ वाकलीय त्याची, त्याला घरी बोलावू नका. तुम्हीच बंधाऱ्यावर जा.