न पाहिलेली मोटार

बैल घेण्यापूर्वी त्याचे दात पाहावेत, त्यास चार पावले चालवून पाहावे आणि मगच मोलाची गोष्ट काढावी, ही आपल्या शेतकऱ्याची जुनी रीत. चाकणचा गुरांचा बाजार याच रीतीवर चालत आला. त्याच चाकणच्या परिसरात आज मोटारी तयार होतात. आणि त्या जुन्या झाल्या म्हणजे त्यांचा सौदा मात्र दात न पाहता, घरबसल्या, मोबाइलच्या काचेवर होतो! आमचे शेजारी यास वेडेपणा म्हणतात. आमचे मत किंचित निराळे आहे.

आम्ही उरवड्यास राहतो. मातोश्रींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुण्यास न्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी पिरंगुटचा घाट ओलांडावा लागतो. उपचारांच्या खर्चापुढे नव्या मोटारीचा विचार करणे शक्य नव्हते. आणि जुनी मोटार घाटात बंद पडली तर तिच्यासमवेत कोणाचा जीव अडकेल, हे सांगावयास नको.

महाजालावर छायाचित्रे पुष्कळ पाहिली. परंतु छायाचित्र रंग दाखविते, वास दाखवीत नाही. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीस आणि 2021 च्या जुलैत चिपळुणास महापुराने वेढले, तेव्हा मोटारीही पाण्यात गेल्या. आसनांत मुरलेला तो कुबट दर्प कोणत्या चित्रात यावा? तथापि, खरे बोलावयाचे तर, साहित्याचा अध्यापक मोटारीपुढे प्रत्यक्ष उभा राहिला, तरी दार उघडून मिटण्यापलीकडे तो काय पाहणार? पाहणे हे डोळ्यांचे काम नव्हे, जाणकाराचे आहे.

अखेर नाशिकच्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. आम्ही किंमत विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “सर, डावे दार पुन्हा रंगविलेले आहे, आणि क्लचप्लेट सहा महिन्यांत बदलावी लागेल.” स्वतःच्या मालाचे व्यंग आधी सांगणारा विक्रेता भेटला, की निम्मा सौदा झालाच. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही नाशिकच्याच एका मिस्त्रीकडून इंजिन तपासून घेतले, आर. सी. बुकावर कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली आणि पूर्ण रक्कम मोटार दारी आल्यावरच द्यावयाची असे ठरविले. 1930 चा मालविक्री कायदा ग्राहकास सावध राहावयास सांगतो खरा. पण न पाहिलेला माल पारखण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो ग्राहकाने स्वीकारला असे मानू नये, हेही त्याच्या 41 व्या कलमात आहे.

मात्र एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्ही मोटार पाहिली नव्हती, तसे त्या गृहस्थांनीही आम्हांस पाहिले नव्हते. आर. टी. ओ. च्या दप्तरी नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईस जुना मालकच बांधलेला असतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे. आम्ही आळस केला असता, तर घाटातील आमच्या चुकीचा भुर्दंड नाशिकच्या त्या भल्या माणसावर पडला असता. तेव्हा या सौद्यात आंधळेपणा असलाच, तर तो दोन्ही बाजूंस सारखा होता. आणि त्यातल्या त्यात धाडस अधिक त्यांचे.

मोटार आली, दार आणि क्लच सांगितल्याप्रमाणेच निघाले. उरलेली रक्कम आम्ही त्याच दुपारी पाठविली, आणि नमुना क्रमांक 29 व 30 त्याच आठवड्यात दाखल केले. क्लचप्लेट पाचव्या महिन्यात बदलावी लागली. तसे त्यांस अगत्याने कळविलेही.