तळ्याचा काठ

इंदूर नगरीच्या पश्चिमेस सिरपूरचा तलाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानाने तो बांधविला. पुढे शहर वाढले, आणि सांडपाणी व अतिक्रमणे यांनी तळ्याचा श्वास कोंडला. अशा वेळी चित्रकार भालू मोंढे व त्यांचे सहकारी पुढे सरसावले. वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी ते राखले. २०२२ साली या १६१ हेक्टरांच्या पाणथळीस रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

परंतु केवळ मानपत्राने तळे जगत नाही. काठचा चिखल दिसला की आम्हां नगरवासीयांस लाज वाटते; तेथे भिंत बांधावी, कारंजे उडवावे, असे मनात येते. वास्तविक तो चिखलच पाखरांचे ताट होय. उथळ पाण्यात किडे, गोगलगायी व पाणवनस्पती वाढतात. त्यांवर बगळे, चिखले व हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेली बदके पोसतात. काठ बुजला तर पाणी उरेल, पाहुणे मात्र येणार नाहीत.

प्रिय वाचकहो, तळे राखणे म्हणजे ते चकचकीत करणे नव्हे, असे आम्हांस वाटते. आपल्या मोरीचे पाणी शेवटी कोठे जाते, याची प्रत्येकाने चौकशी करावी. आणि काठचा चिखल आहे तसा राहू द्यावा.