बाजारपेठ नावाचे नगर

अवशेष पाहण्याची अण्णांना मुळीच हौस नव्हती. बार्शीच्या भुसार पेठेत ४४ वर्षे अडत केलेल्या माणसाला पडक्या भिंतींचे अप्रूप ते काय असणार? लेक नोकरीनिमित्त बार्सिलोनाला राहते. दिवाळीआधी तीन आठवडे तिच्याकडे राहायला गेलेल्या अण्णांना तिने एका सकाळी मोटारीत बसवले आणि उत्तरेच्या समुद्रकाठी एक जुने ग्रीक नगर पाहायला न्यायचे ठरवले, तेव्हा केवळ तिचे मन मोडू नये म्हणून त्यांनी मान डोलावली.

वाटेत त्यांनी सहज विचारले, "गावाचे नाव काय म्हणालीस?"

"आज एंपुरीस म्हणतात, अण्णा. ग्रीक लोक एंपोरिओन म्हणत. त्याचा अर्थ बाजारपेठ."

"बाजारपेठ? कुठली, कशाची?"

"नुसती बाजारपेठ. तेवढेच नाव."

देवाच्या, राजाच्या, नदीच्या नावाची गावे त्यांनी पुष्कळ ऐकली होती. धंद्याखेरीज दुसरे काहीच नावात न सांगणारे नगर त्यांच्या ऐकण्यात नव्हते. पुढे लेकीने असेही सांगितले की त्या अवघ्या प्रदेशाला आज अंपुर्दा म्हणतात, ते नाव या बाजारपेठेवरूनच पडले. त्यानंतर अण्णा खिडकीबाहेर जरा निराळ्या नजरेने पाहू लागले.

हे नगर वसवणारे लोक मूळचे फोकायाचे. फोकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक बंदर. तिथल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास आजचे मार्सेल वसवले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत स्पेनच्या या किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर आपले ठाणे घातले. ते बेट आता गाळाने जमिनीला जोडले गेले आहे. पुढे काही वर्षांनी वस्ती समोरच्या किनाऱ्यावर आली. त्याच शतकाच्या मध्याला इराणी फौजांनी फोकायाला वेढा घातला, तेव्हा मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी बायकामुले गलबतांत बसवून गाव सोडले. वडिलांचे आजोबा मारवाडातून लोटा आणि वही घेऊन निघाले होते, ही घरातली कथा अण्णांना इथे आठवली. मात्र ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

नगराच्या आत दगडी पायाच्या ओळी, रुंद चौक, दुकानांची लांबच लांब ओसरी आणि मागे झाडांची सावली. उत्खनन १९०८ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी वैद्यकदेव अस्क्लेपिओसचा म्हणून ओळखला जाणारा संगमरवरी पुतळा सापडला. यात्रेकरू तिथे गर्दी करतात. अण्णांनी त्याला दुरूनच पाहिले. मासे खारवण्याच्या हौदांपाशी तर ते थांबलेच नाहीत. चौकातल्या ओसरीत मात्र ते पुष्कळ वेळ रेंगाळले, दोन खांबांच्या तळांमधले अंतर पावलांनी मोजले आणि म्हणाले, "गाळे चांगले ऐसपैस काढले होते."

धान्याची गोष्ट निघताच ते खुलले. अंपुर्दाच्या सपाटीवर गहू पिके. स्थानिक लोक तो जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांत साठवीत. जवळच पोन्तोस येथे असे पुष्कळ खड्डे सापडले आहेत. "म्हणजे पेवच की!" अण्णा उद्गारले. बार्शीकडची जोंधळ्याची पेवे त्यांनी लहानपणी पाहिली होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आतल्या कोंदट हवेने माणूस दगावतो, हे त्यांनी लेकीला असे बजावून सांगितले की जणू ती उद्याच एखाद्यात उतरणार होती. तर हा गहू इथल्या ग्रीकांच्या गलबतांतून बाहेर जाई, आणि समुद्रापलीकडून मद्य, तेल, रंगवलेली भांडी येत. उत्पादक एक, गिऱ्हाईक दुसरा, आणि मधे हे नगर. अडत्याला याहून अधिक काय समजावायचे?

दक्षिणेच्या वेशीपाशी तट अजून उभा आहे. मोठमोठे दगड एकमेकांवर रचलेले. तिथल्या सावलीत बसून लेकीने रोमन इतिहासकार लिव्हीने या नगराविषयी काय लिहून ठेवले आहे ते सांगितले. नगर एकच नव्हते, दोन होती. समुद्राकडे ग्रीकांचे, जमिनीकडे स्थानिकांचे, आणि दोहोंच्या मधे भिंत. ग्रीकांची वस्ती इतकी लहान की तिच्या तटाचा घेर ४०० पावलेही भरत नव्हता. शेजाऱ्यांचा तट तीन मैलांचा. म्हणून जमिनीच्या बाजूला ग्रीकांनी एकच दार ठेवले होते, त्यावर एक अधिकारी कायम पहाऱ्याला असे, आणि दर रात्री नागरिकांपैकी एकतृतीयांश लोक तटावर जागत. शेजाऱ्यांपैकी कोणाला आत प्रवेश नसे. ग्रीक मात्र बाहेर जाऊन त्यांच्याशी व्यवहार करीत, तेही घोळक्याने.

"एकच दार," अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

लेकीला कारण माहीत होते. बार्शीच्या पेढीतही मधोमध एक भिंत आहे, ११ वर्षांपूर्वीची. धाकट्या भावाने तेव्हा लातूरच्या एका व्यापाऱ्याला ३०० पोती तूर तोंडी भावाने विकली होती आणि विसार घेतला होता. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. अण्णा त्या आठवड्यात बाहेरगावी होते. ते परतले तोवर भाव कडाडले होते. पेढीच्या वहीत नोंद नाही, तेव्हा सौदाही नाही, असे म्हणून त्यांनी विसार परत पाठवला. "मी शब्द दिला होता," एवढेच धाकटा भाऊ म्हणाला. वर्षाच्या आत वाटणी झाली. वडिलांच्या वेळचा मोठा काटा अण्णांच्या बाजूला आला, म्हणून तेवढ्यापुरते भिंतीत एक दार ठेवले. त्याची कडी अण्णांच्या बाजूला आहे. दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ती कोणी काढलेली नाही.

लेकीने विषय बदलावा म्हणून, की मुद्दामच, कोण जाणे, शिशाच्या पत्र्यांची गोष्ट काढली. त्या काळचे ग्रीक व्यापारी शिशाच्या पातळ पत्र्यावर अक्षरे कोरून व्यवहार लिहीत. असा एक पत्रा फ्रान्सच्या दक्षिणेस पेश माओ येथे सापडला. तो इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्याचा आहे आणि त्यात एंपोरिओनच्या लोकांकडून केलेल्या खरेदीची नोंद आहे. खरेदी बहुधा नावेची. अर्धी भागी कोणाची, रक्कम नदीवर कधी दिली, विसार नावा बांधतात त्या जागी कधी दिला, हे सगळे त्यात आहे. विसार देताना हजर असलेल्यांची नावेही आहेत: बासिगेरोस, ब्लेरुआस, गोलोबिउर, सेदेगोन. रक्कम देतानाचे साक्षीदार वेगळे.

अण्णा ताठ बसले. "ऐकलेस? दोन वेळा दिले, तर दोन वेळा साक्षीदार. अडीच हजार वर्षांपूर्वी! मी काय वेगळे म्हणत होतो?"

"आणि अण्णा, त्याच पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला इटलीतल्या एट्रुस्कन भाषेतला मजकूर आहे. आधीचा. पाठकोरा पत्रा वापरला."

"व्यापारी होता," अण्णा समाधानाने म्हणाले.

"पण ती साक्षीदारांची नावे ग्रीक नाहीत. इथल्या स्थानिक लोकांची आहेत. लिव्ही सांगतो ती भिंत कधीची असेल ती असो, पण नदीकाठच्या सौद्याला साक्षीदार भिंतीपलीकडचे."

यावर अण्णांनी काही म्हटले नाही. लेकीने दुसरा पत्रा सांगितला. हा खुद्द इथेच १९८५ साली मिळाला. पहिल्याहून जुना, इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरचा. हे पत्र आहे, मालकाने आपल्या माणसाला लिहिलेले. साइगांथा या गावी जा. बास्पेद नावाच्या माणसाशी बोल. माल बंदरापर्यंत ओढून आणायला कोणी मिळते का ते त्याला पाहू दे. दोन मिळाले तर दोन्ही पाठवावेत, पण जबाबदारी त्याची. त्याला स्वतःला भागी हवी असेल तर अर्धी द्यावी. पटत नसेल तर त्याने तिथेच थांबावे आणि किती हवे ते होईल तितक्या लवकर कळवावे. शेवटी नमस्कार. हा बास्पेदही स्थानिकच असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

"साक्षीदार?" अण्णांनी विचारले.

"नाहीत. पत्राचा वरचा भाग तुटलेला आहे, पण जे उरले आहे त्यात तरी नाहीत."

"म्हणजे सगळे त्या बास्पेदवर सोडले."

"हो."

वेशीतून शाळेची मुले गलबला करीत आत आली आणि पुढे निघून गेली. अण्णा तटाच्या दगडावर हात ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "याच्या माघारी त्या माणसाने जो भाव कबूल केला असेल, तो याने पाळला असेल का?"

"ते पत्रात नाही, अण्णा."

भिंतीचे पुढे काय झाले, हे त्यांनी स्वतःच विचारले. स्ट्राबो नावाचा ग्रीक भूगोलकार लिहितो की कालांतराने दोन्ही वस्त्या एक झाल्या आणि काही कायदे यांचे, काही त्यांचे, असा मिळून कारभार चालू लागला. कशाने एक झाल्या हे त्याने सांगितलेले नाही. मग वरच्या पठारावर रोमनांचे मोठे नगर झाले, इतर बंदरे वाढली, आणि इथला व्यापार हळूहळू ओसरला.

दुपारी ते दोघे किनाऱ्यावर उतरले. तिथे ग्रीकांच्या धक्क्याचा एक जाड तुकडा वाळूत उभा आहे. बंदर बुजले, धक्का राहिला. लेकीने डबा उघडला, दशम्या आणि लसणाविना केलेली चटणी काढली. अण्णांनी अर्धी दशमी खाल्ली आणि बाकीची हातातच धरून ठेवली.

"तिकडे आता किती वाजले असतील?"

"साडेचार."

या वेळेला बाजार उठतो आणि माणूस गादीवर एकटा असतो, हे अण्णांना ठाऊक होते. त्यांनी खिशातला फोन काढला, चष्मा लावला, थोडा वेळ नावे वरखाली केली आणि फोन परत खिशात ठेवला.

"तुझ्याकडे काकांचा नंबर आहे का?"

लेकीने आपला फोन उघडला, नाव शोधले, आणि काही न बोलता तो त्यांच्या हातात दिला.